पऱ्हाटीपासून पेलेट: मशीन घेण्याआधी हे गणित मांडा



कापसाची उलंगवाडी झाली की आपल्या अमरावती-अकोल्याकडे धुऱ्यावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. थोडी चुलीला जाते, बाकीची पेटवून देतात. मागच्या बॅचमधला दर्यापूरकडचा एक मुलगा पेलेट मशीनचं कोटेशन घेऊन माझ्या दुकानात आला. घर तारण ठेवायची तयारी होती. मी विचारलं, "कच्च्या मालाचा खर्च किती धरला?" तो म्हणाला, "सर, पऱ्हाटी तर फुकटच आहे ना!"

इथंच धंदा फसतो. व्हिडिओत हे घाईत झालं, म्हणून इथं नीट मांडतो.

1. तंत्रज्ञान कुठून घ्यायचं?

मुंबईच्या माटुंग्यात 1924 पासून केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, म्हणजे 'सिरकॉट'. नागपूरला अमरावती रोडवर त्यांचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट, पेलेट, कंपोस्ट आणि अळिंबी करण्याच्या पद्धती त्यांनी बसवल्या आहेत. संस्थेनं शोधायचं आणि उद्योजकानं शिकून, करार करून वापरायचं, यालाच तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणतात. आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल अशीच गावोगावी पोचली. म्हणून आधी संस्थेत जाऊन प्रशिक्षण घ्या, मग विक्रेत्याशी बोला.

2. घेणार कोण?

केंद्राच्या 2021 च्या धोरणानं औष्णिक वीज केंद्रांना कोळशात 5 टक्के बायोमास पेलेट मिसळायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात पारसचं केंद्र आहे. पण मोठा ग्राहक टेंडरनं घेतो, ओलावा तपासतो. त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका. आधी जवळच्या एमआयडीसीतले बॉयलरवाले आणि ब्रिकेट कारखाने गाठा, दर लेखी घ्या.

3. खरं गणित (दर उदाहरणादाखल, तुमच्या गावचे टाका)

- मशीन: तासाला 250 किलो, 8 तास, वर्षाला 200 दिवस = 400 टन पेलेट
- वाळणं, धूळ, नासाडी धरून पऱ्हाटी: 450 टन
- हेक्टरी 2 टन धरले तर 225 हेक्टर, म्हणजे सुमारे 550 एकर
- उपटणं, बारीक करणं, वाहतूक टनाला 2,500 रुपये धरले तर 11,25,000 रुपये

हे सव्वाअकरा लाख कोटेशनमध्ये कुठंच नसतात! शिवाय 550 एकरांची पऱ्हाटी जानेवारी ते एप्रिलमध्येच गोळा करायची, जूनच्या आधी शेडखाली न्यायची. पैसा चार महिन्यांत जातो आणि विक्री वर्षभर होत राहते. हे खेळतं भांडवल नसेल तर मशीन दिवाळीआधीच बंद पडेल.

आणखी एक. पीएमईजीपीत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना 35 टक्के अनुदान आहे. पण ती रक्कम बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते. तिच्यावर पऱ्हाटी विकत घ्यायचा बेत करू नका.

4. मग सुरुवात कशी?

अख्खी पऱ्हाटी ट्रॉलीत मावत नाही. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. म्हणून वावरातच श्रेडरनं बारीक करा. पहिला हंगाम श्रेडर भाड्यानं घ्या आणि भुसा तयार कारखान्याला विका.

शेतकऱ्याला काय सांगाल? पऱ्हाटी वेळेत निघाली तर तिच्यावरच्या बोंडांत लपलेल्या गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडतो. 2017 साली विदर्भात काय झालं ते तो विसरलेला नाही. त्याचं वावर मोकळं होतं, तुम्हाला माल मिळतो, कारखान्याचा कोळसा वाचतो. सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात ती हीच. पण या चक्रात शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी तो पुन्हा काडी लावेल.

त्या मुलानं घर तारण ठेवलं नाही. यंदा दोन गावांत भाड्याचा श्रेडर चालवला. नफा बेताचाच झाला, पण टनाला खरा खर्च किती येतो, हे आता त्याच्या वहीत लिहिलेलं आहे.

होमवर्क: तुमच्या गावापासून 10 किलोमीटरच्या आत कापूस किती एकर आहे? तलाठ्याकडून किंवा कृषी सहायकाकडून आकडा घ्या आणि वरचं गणित स्वतःच्या दरानं सोडवा. मगच बँकेची पायरी चढा.