दोन जॉन आणि एक दगड

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईबापांपुढे वेळ कसा घालवायचा हा प्रश्न असतो. माझा वेळ आमच्या व्याह्यांच्या पूर्वजांनी घालवला.

सून पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातली. तिच्या वडिलांना घराण्याचा इतिहास जमवायचा नाद. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली, हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्याच भेटीत एक गुंडाळी टेबलावर पसरली. वंशवृक्ष मोठा देखणा होता. पैसे देऊन कुणाकडून तरी करून घेतलेला. बुंध्याशी जॉन नावाचा पूर्वज: स्वातंत्र्ययुद्धातला सैनिक, पुढे इंडियाना काउंटीत शेतकरी. या वंशवृक्षाच्या भरवशावर सगळ्या चुलतभावंडांनी वर्गणी काढून एका चर्चच्या आवारात जॉनच्या थडग्यावर नवा ग्रॅनाइटचा दगडही बसवला होता. दगडावर नाव, सालं आणि ‘सैनिक’ असा उल्लेख.

मी विचारलं, याला आधार काय? त्यांनी इंटरनेटवरचे आणखी तीन-चार वंशवृक्ष दाखवले. त्यांत आधार म्हणून काय दिलं होतं? याच दगडाचा फोटो! आपल्याकडे असा फेरफार मंजुरीला आला असता तर मंडळ अधिकाऱ्याने तो तिथेच परत पाठवला असता.

हे लिहितोय ते अशासाठी की आता मराठी घरांत अमेरिकन सुना-जावई पुष्कळ आहेत. नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगतात, आणि मग घरातलं कुणीतरी रात्री संगणकावर बसून अठराव्या शतकापर्यंत जाऊन येतं. इतक्या सहज तिथवर पोचलात, तर वाटेत काहीतरी चुकलंय असं खुशाल धरा.

मुळात शोध नावाने सुरू करायचा नाही, जागेने करायचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जुना कागद असतो तो काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये. खरेदीखतं, मृत्युपत्रं, वारसांच्या वाटण्या, सगळं तिथे. पण काउंटीच्या हद्दी बदलत गेल्या. कुडाळच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यात होता, मग सिंधुदुर्गात आला. घर होतं तिथेच राहिलं. व्याह्यांच्या पूर्वजांच्या शेताचंही तेच. इंडियाना काउंटी १८०३ साली निघाली. त्याआधी तो भाग वेस्टमोरलंडमध्ये होता. वेस्टमोरलंड निघाली १७७३ साली बेडफर्डमधून, बेडफर्ड १७७१ साली कंबरलंडमधून. काउंटी फुटली तरी जुनी दप्तरं सहसा जिथली तिथेच राहतात. म्हणून १७९५ साली नोंदवलेलं खरेदीखत इंडियानाच्या कोर्टात कितीही शोधलं तरी मिळणार नाही, त्यासाठी वेस्टमोरलंडच्या ग्रीन्सबर्गला जावं लागतं. पेनसिल्व्हेनियाच्या नैऋत्य कोपऱ्यावर तर एकेकाळी व्हर्जिनियाही हक्क सांगत होतं. त्यांनी १७७६ साली तिथे योहोगेनिया नावाची काउंटीच काढली. ती आज कुठल्याच नकाशावर नाही, पण तिच्या कोर्टाच्या नोंदी आहेत.

शिवाय इंडियाना नावाचं वेगळं राज्य आहे, आणि वॉशिंग्टन नावाच्या काउंट्या तर राज्याराज्यांत आहेत. म्हणून टिपण करताना गाव, काउंटी, राज्य आणि साल हे चारही एका ओळीत लिहावं. हद्दी कधी कशा बदलल्या याचे नकाशे शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने तयार केले आहेत, फुकट बघता येतात. ते आधी बघावेत, गाडी मग काढावी.

कोर्टहाउसमध्ये खरेदीखतांची खिडकी वेगळी, मृत्युपत्रांची वेगळी. तिथल्या बाईंना घराण्याची कथा ऐकवायला जाऊ नका. त्यांना वेळ नसतो, आणि तुमच्यासाठी शोध घेणं हे त्यांचं कामही नव्हे. सूची कुठली आणि कशी बघायची, एवढं विचारा. पेनसिल्व्हेनियात बऱ्याच ठिकाणी रसेल नावाची सूची आहे. ती सरळ वर्णानुक्रमाने लावलेली नसते, त्यामुळे नवखा माणूस अर्धा तास पानं उलटून ‘आमचं नाव नाही’ म्हणत बाहेर पडतो. आडनावाचं पहिलं अक्षर सोडायचं आणि पुढे एल, एम, एन, आर, टी यांतलं कुठलं अक्षर आधी येतं ते बघायचं. जॉन्स्टन असेल तर एन. मग एनच्या रकान्यात पाळण्यातल्या नावाचं आद्याक्षर गाठायचं, तिथे पान नंबर मिळतो. एकदा हातात बसलं की आपल्या इंडेक्स टूपेक्षा भराभर होतं. विकणाऱ्यांची सूची आणि घेणाऱ्यांची सूची, दोन्ही बघा. आणि पुढच्या सालांतही बघा, कारण खरेदी झाल्यावर पाच-पंचवीस वर्षांनी खत नोंदवणारे लोक तिकडेही होतेच.

पहिलं खत उघडलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. चतुःसीमा! पांढऱ्या ओकपासून दगडांच्या ढिगापर्यंत अमुक अंश, तमुक पर्च, पुढे शेजाऱ्याच्या हद्दीने. पर्च म्हणजे साडेसोळा फूट. दोन पर्च म्हणजे ३३ फूट, आणि ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे आपला गुंठा. इंग्रजांचं माप दोन्हीकडे पोचलेलं. व्याह्यांना मी कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांना त्यात फारशी गोडी वाटली नाही, मला मात्र दुपारभर पुरली.

पण कामाची गोष्ट खताच्या शेवटी होती. नवरा जमीन विकतो तेव्हा बायकोलाही तिचा हक्क सोडावा लागे, आणि तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, राजीखुशीने सोडतेस ना, असं विचारलं जाई. त्यामुळे तिचं नाव कागदावर येतं. वेस्टमोरलंडच्या एका खतात जॉनची बायको जेन, आणि जॉनने स्वतः सही केलेली. दुसऱ्यात बायको मार्गारेट, आणि जॉनच्या नावापुढे फुली, म्हणजे निशाणी. पुस्तकात असते ती कारकुनाने उतरवलेली नक्कल, पण सही आणि निशाणी यांतला फरक त्याने नकलेतही राखला होता. एकाच भागात एकाच आडनावाचे दोन जॉन! कर भरणाऱ्यांच्या यादीतही दोघे वेगवेगळे सापडले.

मग ऑर्फन्स कोर्ट. नाव अनाथांचं असलं तरी बाप गेल्यावर अज्ञान मुलांचं आणि मालमत्तेचं काम तिथे चाले, आई हयात असली तरीही. वंशावळीसाठी याहून चांगलं दप्तर मी पाहिलेलं नाही. मार्गारेटच्या जॉनची जमीन वाटली गेली १८११ साली, इंडियानाच्या कोर्टात. सगळे वारस ओळीने, लग्न झालेल्या मुली नवऱ्यांच्या नावांसकट. व्याह्यांचे पूर्वज त्यातच होते. आणि जेनचा जॉन? १८३२ च्या कायद्याखाली त्याने सैनिकाच्या पेन्शनसाठी शपथेवर अर्ज केलेला, अर्जाखाली स्वतःची सही. पेन्शनची ही प्रकरणं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १८११ साली ज्याच्या इस्टेटीची वाटणी झाली, तो १८३३ साली शपथ घ्यायला कुठून येणार? वंशवृक्ष करणाऱ्याने एकाची लढाई आणि दुसऱ्याची मुलं एकत्र जोडली होती. दगड बसला तो सैनिक जॉनच्या थडग्यावर, आणि वर्गणी काढली दुसऱ्याच्या वंशजांनी.

बाकीचे कागद थोडक्यात. पेनसिल्व्हेनियात राज्याची जन्म-मृत्यू नोंद १९०६ पासून, काउंटीची १८९३ पासून, लग्नाचा परवाना १८८५ पासून. त्यामागे मुख्यतः चर्चची पुस्तकं, थडगी आणि कोर्टातले जमीन-वारसाचे कागद हाती राहतात. जनगणना १७९० पासून आहे, पण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं म्हणजे नुसते आकडे. १८९० ची बहुतेक पानं १९२१ च्या आगीमुळे गेली. सरकारकडून पहिल्यांदा मिळालेल्या जमिनीचे कागद काउंटीत शोधू नका, ते राज्याच्या अभिलेखागारात, हॅरिसबर्गला.

घरबसल्या करायचं तर फॅमिलीसर्च फुकट आहे. तिथे नाव टाकून काही निघालं नाही, म्हणून कागद नाही असं समजू नका. कितीतरी खंडांची पानं नुसती फोटो म्हणून पडून आहेत, ती एकेक करून उलटावी लागतात. काही तर त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊनच दिसतात. हल्ली हस्ताक्षर वाचणारा संगणकी शोधही निघाला आहे. त्याने रस्ता कळतो, पण तोही चुकीचं वाचतो, तेव्हा मूळ पान डोळ्यांनी बघा. आणि प्रत्येक नोंदीखाली काउंटी, पुस्तक आणि पान लिहून ठेवा. ज्या वंशवृक्षाला पुस्तक-पान नाही, त्याला कितीही पानं-फुलं काढलेली असोत, पैसे देऊ नका.

दगडाचं काय करायचं यावर व्याह्यांच्या घरात बरीच खडाजंगी झाली. एका चुलत बहिणीने तर माझ्याशी बोलणंच सोडलं. सैनिक जॉन त्या जागेत पुरलेला आहेच, तेव्हा दगड असू द्यावा असं मी सुचवलं. फक्त दोन पानांचं टिपण करून, खतं आणि ऑर्फन्स कोर्टाच्या नकला जोडून ते काउंटीच्या इतिहास मंडळाच्या फायलीत ठेवायचं, आणि इंटरनेटवर दगडाचा फोटो आहे तिथे त्या फायलीचा उल्लेख टाकायचा. टिपण व्याह्यांनीच लिहिलं. सैनिक जॉनचे खरे वंशज कोण, हे आता ते शोधतायत. त्यांच्याकडून दगडाची वर्गणी वसूल करायची, असं ते म्हणतात.