एकहाती घडलेला खेळ

संगणकावरील चांगला खेळ विकतच घ्यावा लागतो, या समजुतीने घरी पैसे मागण्यास संकोचणारी मुले मी पाहिली आहेत. जपानमधील दाइसुके अमाया यांनी फावल्या वेळात सुमारे ५ वर्षे खपून 'केव्ह स्टोरी' रचली. कथा, चित्रे, संगीत, सारे एकहाती! २००४ साली ती त्यांनी विनामूल्य खुली केली. इंग्रजी भाषांतर रसिकांनीच केले, आणि एकाने दुसऱ्यास सांगत हा खेळ दूरवर पोहोचला. त्यातील शस्त्रांची योजना मला विशेष आवडते. शत्रू पडला की पिवळे त्रिकोण सांडतात. ते वेचताच शस्त्र बळावते, परंतु आपणांस घाव बसला की तेच दुबळे होते. अविचाराने धावणाऱ्याच्या हाती ऐन वेळी जणू पिचकारीच उरते! २०११ साली संगणकासाठी निघालेली 'केव्ह स्टोरी प्लस' मात्र विकाऊ आहे. मूळचीच घ्यावी, तीत काही उणे नाही.