सायकलवरून सांतियागोची यात्रा

यात्रा पायींच करावी, हा आपल्याकडील समज फार जुना आहे. आळंदीची पालखी दिवे घाट चढते ती माणसें सोबत चालतात म्हणून शोभते. मग चाकांवर बसून जाणाऱ्याची यात्रा तितकीच खरी काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. स्पेन देशांतील एका यात्रामार्गावर ह्या प्रश्नाचा निकाल चक्क अंकांनीं लावलेला आहे. म्हणून त्या मार्गाची हकीकत विद्यार्थ्यांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यांत सांतियागो दे कोम्पोस्तेला हें नगर आहे. तेथील कॅथीड्रलमध्यें प्रेषित याकोब ह्यांची कबर आहे, अशी परंपरा नवव्या शतकापासून चालत आली आहे. तिकडे जाणाऱ्या वाटांपैकीं फ्रान्समधील सें-झां-पिए-द-पोर येथून निघणारी वाट सर्वांत प्रसिद्ध. तिची लांबी सुमारें 780 किलोमीटर. पिरेनीज पर्वत ओलांडून ती पाम्प्लोना, बुर्गोस व लेओन ह्या नगरांवरून जाते. बाराव्या शतकांतच तिचें लॅटिन भाषेंत वर्णन लिहिलें गेलें. आज वाट दाखविणारे पिवळे बाण मात्र अलीकडचे आहेत. ओ सेब्रेरो ह्या डोंगरी गांवचे धर्मगुरु एलियास वालिन्या ह्यांनीं 1984 सालीं ते रंगविण्यास आरंभ केला.

प्रत्येक यात्रेकरूजवळ एक पुस्तिका असते व मुक्कामोमुक्कामीं तींत शिक्के घेतात. चालणारा निदान 100 किलोमीटर व सायकलस्वार निदान 200 किलोमीटर वाट आक्रमून सांतियागोस पोंचला, तर त्यास प्रमाणपत्र मिळतें. (घोड्यावरून येणाऱ्यास 100 किलोमीटरच पुरतात! घोड्याचे श्रम स्वाराच्या खातीं जमा होतात, ही मौजच म्हणावयाची.) हा हिशेब कडक नव्हे, उदारच आहे, कारण सपाट रस्त्यावर तितक्याच श्रमांत सायकल चालण्याच्या तिप्पट-चौपट वेगानें जाते. बुर्गोस ते लेओन हें गव्हाच्या शेतांचें पठार पार करण्यास चालणाऱ्यास आठवडा लागतो. सायकलस्वार तें दोन-तीन दिवसांत मागें टाकतो. म्हणूनच पुष्कळ सार्वजनिक धर्मशाळांतून पायीं आलेल्यांस आधीं जागा देतात व सायकलस्वारास सायंकाळपर्यंत तिष्ठावें लागतें. आम्हांस हें न्याय्य वाटतें.

सायकलस्वाराची खरी परीक्षा चढावर होत नाहीं, उतारावर होते. लेओनच्या पुढें सुमारें 1,500 मीटर उंचीवर ‘क्रूस दे फेर्रो’ म्हणजे लोखंडी क्रूस आहे. यात्रेकरू त्याच्या पायथ्याशीं आपल्याबरोबर आणलेला एक दगड ठेवतात. तेथून मोलिनासेका गांवापर्यंत वाट सुमारें 900 मीटर खालीं उतरते. आतां थोडें गणित करूं. स्वार, सायकल व सामान मिळून 90 किलोग्रॅम धरिले, तर ह्या उतारावर जवळजवळ आठ लक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते. इतक्या उष्णतेनें 20 अंशांचें सवादोन लिटर पाणी उकळीस येईल! कांहीं वांटा वाऱ्याचा विरोध घेतो; बाकीचा ब्रेकांनीं पचवावा लागतो. आम्हीं एकदां सासवडहून परततांना दिवे घाट उतरून चाकाच्या कडेला बोट लावून पाहिलें, तें चटका बसून तत्काळ मागें घ्यावें लागलें. आणि तो घाट ह्या उताराच्या मानानें लहान.

म्हणून जाणते स्वार ब्रेक सतत दाबून धरीत नाहींत. वळणापूर्वीं दोन्ही ब्रेक नेटानें लावून वेग मोडावा, मग ते सोडून द्यावे, आणि मधून मधून उतरून चाकें निवूं द्यावीं, अशी त्यांची रीत असते. वेग दुप्पट झाला कीं थांबण्यास लागणारें अंतर ब्रेक लावल्यापासून चौपट होतें, हें पदार्थविज्ञानाच्या वर्गांत आपण शिकतों; पण पुढच्या वळणावर पाठमोरा यात्रेकरू काठी टेकीत चालला असेल, तर तेंच सूत्र त्याच्या जिवाशीं येऊन भिडतें. पायवाट दगडगोट्यांची असल्यामुळें सायकलस्वारांनीं येथें डांबरी रस्ताच धरावा हें बरें. ह्याच उतारावर एल असेबो नांवाचें गांव आहे. त्या गांवाच्या शेवटास लोखंडी सायकलीच्या आकाराचें एक स्मारक दिसतें. तेथें मरण पावलेल्या एका जर्मन सायकलयात्रेकरूचें तें आहे.

उतार संपला कीं पोनफेर्रादा नगर लागतें. तेथून सांतियागो 200 किलोमीटरांहून थोडें अधिक दूर, म्हणून कित्येक सायकलस्वार तेथूनच आरंभ करितात. हा मोठा उतार त्यांना टळतो. पण पुढें ओ सेब्रेरोची चढण टळत नाहीं. सुमारें 1,300 मीटर उंचीवरील त्या गांवाकडे जातांना पुष्कळांना सायकलीवरून उतरून ती ढकलीत न्यावी लागते, आणि तेवढा वेळ पायीं चालणारे त्यांच्या बरोबरीनें जातात.