बाळाला ताप आणि पुरळ : वाट पाहू नका

तान्ह्या बाळाला ताप येऊन अंगावर पुरळ उठले, की काही घरांत आजही ‘माता आली’ म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, औषध बंद होते आणि बाळ पाच-सात दिवस घरातच राहते. १९५६ साली नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आपल्याला पाठ आहेत. पण मूल तापाने फणफणले की जुनी भीती डोके वर काढते. ज्या रोगालाच ‘देवी’ म्हणत, तो लसीने संपला. नवसाने नव्हे.

पुरळ कसे ओळखावे?

गोवरात आधी ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे दिसतात. तीन-चार दिवसांनी कानामागे व चेहऱ्यावर पुरळ येते, मग ते अंगभर पसरते. कांजिण्यांत पाण्याने भरलेले, खाजरे फोड येतात. रोझिओलात तीन-चार दिवस जोराचा ताप असतो आणि तो उतरल्यावर पुरळ उठते. हा आजार बहुधा आपोआप बरा होतो. डेंग्यूतही पुरळ येते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून बाळाला उजेडात पाहावे. निदान मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

लगेच दवाखाना गाठा :

- बाळ तीन महिन्यांच्या आतील असून ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक असेल
- बाळ अंगावर पीत नसेल, सारखे ओकत असेल, सुस्त पडले असेल
- झटके येत असतील
- श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल
- काचेचा पेला दाबून धरल्यावरही डाग फिके होत नसतील

घरी काय करावे?

अंगावरचे दूध चालूच ठेवावे. कपडे सैल व सुती असावेत. कोमट पाण्याने अंग पुसावे. आंघोळ बंद करण्याचे कारण नाही. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितले तेवढेच द्यावे. ॲस्पिरिन कधीही देऊ नये. गोवर असल्यास डॉक्टर वयानुसार ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस सलग दोन दिवस देतात. पुरळ उठल्यापासून चार दिवस बाळाला इतर मुलांपासून दूर ठेवावे आणि आशाताईंना कळवावे.

लस चुकवू नका

गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. २०२२ साली मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली आणि लहान मुले दगावली. नऊ महिन्यांच्या आतील बाळाला ही लस एरवी मिळत नाही. त्याचे रक्षण घरातल्या आणि शेजारच्या मोठ्या मुलांच्या लसीकरणानेच होते.

आजारी पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी स्वच्छ केले, त्याची शुश्रूषा केली. आपल्या विहारातही येत्या रविवारी वंदनेनंतर प्रत्येक बाळाचे लसीकरण कार्ड पाहू या. ज्याचा डोस राहिला असेल, त्याला त्याच आठवड्यात केंद्रावर नेऊ या.