पोटरी दुखली तर चोळायची नाही

बाळा, भाऊजींचं मूत्राशय काढायचं ठरलंय म्हणालास. पैसे, खोली, रक्ताच्या पिशव्या तू बघशीलच. वॉर्डात ३५ वर्षं काढलेल्या मावशीचं एवढं ऐक, पायातल्या गुठळीचं.

मुतखडा दुर्बिणीनं काढला, प्रोस्टेट आतून खरवडली, तर पेशंट लगेच हिंडतो. तिथं ही भीती थोडी. भाऊजींचं तसं नाही. टेबलावर पाय तासन् तास निपचित, पायांकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरांना खेटून काम, आणि कॅन्सर असला की रक्त तसंही लवकर गोठतं. तिन्ही एकदम.

डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नकोस. वय ७५ च्या पुढे, वजन फार जास्त, स्वतःला किंवा आईवडील, भावंडं, मुलं यांत कुणाला पूर्वी गुठळी, हे आपणहून सांगायचं. भाऊजींच्या आईचा पाय बाळंतपणानंतर टम्म सुजला होता, सगळ्यांनी वात म्हणून सोडून दिलं. तेही सांग. काय होतं ते त्यांना ठरवू दे.

ऑपरेशननंतर आपल्याकडे प्रेमानं घात होतो. ‘पडून राहा हो, पाणी मी देते!’ ताईला आधीच बजावून ठेव. सिस्टर उठवतील तेव्हा उठायचं, लघवीची पिशवी हातात धरून चालायचं. खुर्चीत पाय लोंबकळत बसणं म्हणजे चालणं नव्हे.

पोटात टोचायचं रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन घरीही चालू राहील. रक्तस्रावाची भीती बहुतेक पहिल्या चार दिवसांतच असते, गुठळीची मात्र चार आठवडे तशीच टिकते. टोचल्या जागी निळंकाळं पडतं, घाबरू नका, ती जागा चोळू नका. पण कुठून रक्त वाहायला लागलं तर लगेच फोन करा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून डोस बंद करणारे मी पुष्कळ पाहिलेत. फार राग यायचा मला.

एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर तेलाची वाटी आणायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी न्यायचं.

आणि ऑपरेशनची तारीख मिळाली की कालनिर्णयावर पुढचे २८ दिवस मोजून खुणा कर. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत इंजेक्शन चुकवू नकोस.