आधी किलोमीटर लिहा, मग गाडी बघा



दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या धार-देवासच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "यंदा गाडी घ्यायची आहे, कोणती घ्यावी?" शेजारचे काका एक नाव सांगतात, पुण्याचे मामा फोनवर दुसरेच सांगतात आणि घरातली मुले रंग ठरवून मोकळी होतात. वर्गात व्याजाचे गणित शिकवताना मी मुलांना सहज विचारले, "तुमच्या घरची गाडी महिन्याला किती किलोमीटर चालते?" एकालाही सांगता आले नाही. गाडीची किंमत मात्र सर्वांना पाठ होती. म्हणून हा पाठ.

तसा हा विषय आपल्याला परका नाही. धार जिल्ह्यातील पीथमपूरला वाहनांचे कारखाने आहेत. तेथेच नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राचा ११.३ कि.मी. लांबीचा वेगचाचणी मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. देवासला गाड्यांचे गिअर तयार होतात. कारखान्यात प्रत्येक भाग मोजून-मापून घेतला जातो. मग घरी गाडी आणताना आपणही थोडे मोजायला काय हरकत आहे?

पाठ १ : गाडीची खरी किंमत

दुकानात सांगतात ती केवळ खरेदीची किंमत. खरी किंमत म्हणजे गाडी आपल्याकडे असेपर्यंत दरवर्षी होणारा एकूण खर्च. त्यात पाच गोष्टी येतात : घसारा (घेतलेली किंमत वजा विकताना येणारी किंमत), कर्जाचे व्याज, विमा, देखभाल आणि इंधन.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, आपण आपले घालावेत. वर्षाला ६,००० कि.मी. फिरणारे एक कुटुंब आहे.

नवी गाडी : किंमत ६ लाख. ८ वर्षांनी २ लाखांना विकली. घसारा वर्षाला ५०,०००, व्याज सरासरी १२,०००, विमा १४,०००, देखभाल १२,०००. बेरीज ८८,००० रुपये.

जुनी गाडी : किंमत अडीच लाख, रोख. ६ वर्षांनी ७०,००० ला विकली. घसारा वर्षाला ३०,०००, विमा ८,०००, देखभाल २४,०००. बेरीज ६२,००० रुपये.

इंधन दोन्हींना सारखेच धरू. लिटरला १८ कि.मी. आणि पेट्रोल १०८ रुपये धरले, तर वर्षाला ३६,००० रुपये. म्हणजे नवी गाडी वर्षाला १,२४,००० रुपयांना पडली आणि जुनी ९८,००० ला. किलोमीटरला अनुक्रमे सुमारे २० रुपये ७० पैसे आणि १६ रुपये ३० पैसे.

जुनी गाडी वर्षाला २६,००० रुपयांनी स्वस्त पडली. पण इंजिनाचे एकच मोठे काम ५०,००० चे निघाले, तर दोन वर्षांची बचत एका दिवसात गेली. म्हणजे जुनी गाडी स्वस्त खरी, पण पारखून घेतली तरच.

पाठ २ : रोजचा रस्ता पाहून इंधन

आता सी.एन.जी.चे पाहू. समजा सी.एन.जी. गाडी ९०,००० रुपयांनी महाग आहे. पेट्रोलचा खर्च कि.मी.ला ६ रुपये आणि गॅसचा ४ रुपये. बचत २ रुपये. ९०,००० भागिले २, म्हणजे ४५,००० कि.मी. चालल्यावर जादा पैसे वसूल होतील. देवासहून रोज इंदूरला नोकरीला जाणाऱ्यांचे वर्षाला सहज २०,००० कि.मी. होतात. त्यांचे पैसे सव्वादोन वर्षांत निघतील. पण जे बाजारहाट, लग्नकार्य आणि वर्षातून एकदा मांडवची सहल एवढ्यापुरतीच गाडी काढतात, त्या ६,००० कि.मी.वाल्यांना साडेसात वर्षे लागतील. गाडी तीच, इंधनाचे दर तेच, पण उत्तर वेगळे. म्हणून "कोणती घ्यावी" या प्रश्नाआधी "किती चालणार" हा प्रश्न.

पाठ ३ : हप्ता लहान, व्याज मोठे

४ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ८,३०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ९८,००० रुपये. तेच ७ वर्षांचे केले तर हप्ता सुमारे ६,४०० होतो, पण व्याज १,४०,००० च्या वर जाते. हप्ता कमी दिसला की हायसे वाटते, पण ४२,००० रुपये जास्त गेले हे कोणी सांगत नाही.

पाठ ४ : जुनी गाडी पारखताना

१) छोट्या गाड्यांवरील जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला (पूर्वी वर उपकरही होता). त्यामुळे भाव ठरवताना त्या मॉडेलची आजची नवी किंमत विचारा. मालकाने त्या वेळी किती दिले होते, यावर भाव ठरवू नका.

२) गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. सायलेन्सरमधून सतत निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, असे समजा.

३) टायरवर चार आकड्यांची तारीख असते. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. गाडी "फक्त २०,००० चाललेली" आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, असे असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. पॅडलचे रबर आणि सर्व्हिसिंगची नोंद ताडून पाहा.

४) सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. डिकीतील स्टेपनीखालची जागा उघडा. चिखलाचा डाग, गंज किंवा कुबट वास आला तर गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असू शकते. अशी गाडी फुकटातही नको.

५) चढावर आणि खराब रस्त्यावर स्वतः चालवून पाहा आणि ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. त्याला दिलेले पाचशे-हजार रुपये वाया जात नाहीत.

६) बनावटीचे साल पाहा. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना ए.बी.एस. ब्रेक, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि जानेवारी २०२२ पासून पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या. थोडी अलीकडची गाडी ३०-४० हजारांनी महाग पडली, तरी ए.बी. रोडवर रात्री ट्रकांच्या रांगेतून मुलाबाळांना घेऊन येताना त्या पैशांचे मोल कळते. म्युझिक सिस्टिम नंतरही बसवता येते, एअरबॅग नाही.

पाठ ५ : कागद

एम.पी. ११ असो वा एम.पी. ४१, पैसे देण्याआधी आर.सी., विमा, बाकी चलन आणि बँकेचा बोजा एम-परिवहनवर तपासा. कर्ज फिटलेले असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हवा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत.

हे "ओळखीतलेच आहेत, होईल सावकाश" म्हणून टाळू नका. गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. विकलेल्या गाडीने अपघात केला, तर भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक आपली जुनी गाडी प्रेमाने देऊ करतात. नाही म्हणणे जड जाते. पण एम.एच. नंबरची गाडी कायमची इकडे ठेवायची, तर तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते, इथला कर भरावा लागतो आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यास नवा नंबर घ्यावा लागतो. हा खर्च मिळवूनच "मामांनी स्वस्तात दिली" असे म्हणा.

स्वाध्याय

१) पुढील एक महिना घरच्या वाहनाचे मीटर दर रविवारी वहीत लिहा. त्यावरून वर्षाचे किलोमीटर काढा.

२) पाठ १ मधील दोन्ही गाड्यांचा हिशेब वर्षाला २०,००० कि.मी. धरून करा. किलोमीटरचा खर्च वाढला की कमी झाला? का?

३) गाडीऐवजी बस, रिक्षा आणि प्रसंगी भाड्याची टॅक्सी वापरली तर आपल्या घराचा वर्षाचा खर्च किती येईल? आई-बाबांबरोबर बसून काढा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही घरांत असे येईल की, गाडी सध्या नकोच. तेही बरोबर उत्तर आहे आणि त्याला पूर्ण गुण मिळतील.