वटवृक्षाचे बोधचिन्ह

शाळेचे बोधचिन्ह म्हटले की पुस्तक, पणती किंवा एखादा सिंह डोळ्यांसमोर येतो. परदेशात तर प्राण्याचा वेश चढवून एक विद्यार्थी मैदानात नाचतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वाद्यवृंदातील विद्यार्थी चक्क झाडाच्या वेशात नाचतो, याचे अनेकांना नवल वाटते. आपल्या सातारा जिल्ह्यातही एका झाडाने शाळांना ओळख दिली. पण ते गमतीखातर निवडलेले नाही. रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष आपण सर्वांनी पाहिला आहे, त्याचा अर्थ मात्र थोड्यांनीच शोधला असेल.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे ही संस्था स्थापन केली. सत्यशोधक विचारांच्या माणसाने वड निवडावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. लोकव्यवहारात वड म्हणजे सूत गुंडाळून सात जन्म तोच पती मागण्याचे ठिकाण. (बौद्ध परंपरेत त्याला निराळा मान आहे: संबोधीनंतर तथागत अजपाल न्यग्रोधाखाली, म्हणजे वडाखालीच, बसले होते आणि धम्म जगास सांगावा की नाही, हा विचार तेथेच झाला.) येथे मात्र महत्त्वाचा आहे तो वडाचा स्वभाव. इतर झाडांच्या फांद्या जन्मभर खोडाच्या आधाराने जगतात. वडाची पारंबी जमिनीस टेकली की मूळ धरते, जाड होते आणि स्वतः खोड बनून आपल्याच फांदीला खालून पेलते. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे वाक्य याच अर्थाचे आहे. वाई परिसरातील मुलांना हे फळ्यावर काढून दाखवण्याची गरज नाही. वैराटगडाच्या पायथ्याशी म्हसवे येथील जुना वड दाखवला की पुरे.

गणवेशावर चिन्ह शिवले म्हणून शाळेविषयीची आपुलकी रुजत नाही, असे आम्हास वाटते. ती रुजते चिन्हाखाली काय घडते त्यावर. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि अंगमेहनतीची कामे स्वतः करीत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. त्या काळात एका स्वयंपाकघरातले अन्न सर्वांनी खाणे हीच मोठी परीक्षा होती. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. वडाला सूत गुंडाळणाऱ्या समाजात हे घडले, याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने ठळकपणे घ्यावी.

आमच्या वाचकांना आणखी एक नाव ठाऊक असावे. ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलगा. वसतिगृह निघण्याच्या कितीतरी आधी भाऊरावांनी त्याला शिक्षणासाठी कोल्हापुरास नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेवले. तेव्हा ना संस्था होती, ना चिन्ह. हाच मुलगा पुढे बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चा संपादक झाला आणि मुंबई कायदेमंडळावर नेमला गेला.